नॅनोकण पेशीत शिरतो का? साध्या लॅपटॉपवर शोधायची रीत

वरुड-मोर्शीच्या पट्ट्यात एमएस्सीचा प्रकल्प म्हटला की संत्र्याची साल आलीच. सालीचा अर्क, त्यात सिल्व्हर नायट्रेट, रंग पिवळ्याचा तपकिरी झाला की चांदीचे नॅनोकण तयार. मग यूव्ही-व्हिजिबलचा आलेख, जमलेच तर नागपूरला नमुना पाठवून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालचा फोटो. आणि शेवटच्या पानावर हमखास एक वाक्य, की हे कण औषध पेशीपर्यंत पोचवायला उपयोगी पडतील. कशावरून? हा प्रश्न व्हायवात आला की पोरं एकमेकांकडे पाहतात.

दोष त्यांचा नाही. पेशी वाढवायच्या तर कार्बन डायऑक्साइडचा इन्क्युबेटर, निर्जंतुक कक्ष, वासराचे सीरम हे सगळे लागते आणि तालुक्याच्या कॉलेजात ते नसते. पण कण पेशीच्या पटलाला, म्हणजे तिच्याभोवतीच्या पातळ आवरणाला, भिडला तर पुढे काय होईल, या प्रश्नाचा बराच भाग संगणकावर सोडवता येतो. चार कोअरचा प्रोसेसर आणि आठ जीबी रॅमचा लॅपटॉप त्याला पुरतो. अट एकच, प्रश्न लॅपटॉपच्या कुवतीचा निवडायचा. ‘माझा कण कॅन्सर बरा करेल का’ हा तसा प्रश्न नव्हे. ‘एवढ्या आकाराच्या कणाला पटलाने पूर्ण गुंडाळायला किती चिकटपणा लागेल’ हा आहे. पुढचे सगळे या दुसऱ्या प्रश्नासाठी.

पहिली पायरी: पेशी कोणती ते ठरवा

ही पायरी सगळे गाळतात. आपल्याकडे सिकलसेलचे रुग्ण पुष्कळ, त्यामुळे ‘सिकलसेलसाठी नॅनो-औषध’ असा विषय दरवर्षी कुणीतरी घेतोच. पण पूर्ण वाढलेली लाल रक्तपेशी बाहेरचा कण गुंडाळून आत ओढत नाही. ते काम तिने सोडलेले असते आणि तिच्या पटलाला आतून स्पेक्ट्रिन नावाच्या प्रथिनाच्या जाळीचा आधार असतो. मोकळ्या, लवचिक पटलाचे मॉडेल करून त्याला लाल रक्तपेशी म्हणणे चुकीचे. तिथे कण वरच्या वर चिकटतो का, एवढेच विचारणे शहाणपणाचे.

दुसरा लाडका विषय नॅनो युरिया. इफकोने २०२१ मध्ये तो अर्ध्या लिटरच्या बाटलीत आणला आणि आता कृषी केंद्रांत तो सर्रास दिसतो. कंपनी कणांचा आकार २० ते ५० नॅनोमीटर सांगते. पानाच्या पेशीला मात्र पटलाच्या बाहेर पेशीभित्तिका असते आणि तिची छिद्रे काही नॅनोमीटरपासून फार तर वीसेक नॅनोमीटरपर्यंत. म्हणजे कण पर्णरंध्रातून पानात गेला तरी पटलाच्या आधी भिंत उभीच आहे. पटल गुंडाळते का, हा प्रश्न तिथे नंतरचा. भिंत नसती तरी काय झाले असते, त्याचा हिशेब थोडे पुढे करू. आकडे गमतीचे आहेत.

पटल गुंडाळण्याचे मॉडेल खरोखर लागू पडते ते प्राण्यांच्या कण गिळणाऱ्या पेशींना. रक्तातल्या व ऊतींतल्या भक्षक पेशी, यकृतातल्या पेशी, प्रयोगशाळेत वाढवलेल्या हेला नावाच्या मानवी कर्कपेशी. प्रकल्पासाठी यातलीच एक धरा.

दुसरी पायरी: कॅल्क्युलेटरवरची गणिते

सिम्युलेशन, म्हणजे संगणकावरची नक्कल, सुरू करायच्या आधी कागद-पेन्सिल घ्या. रात्रभर लॅपटॉप तापवून मिळणारे उत्तर पुष्कळदा दहा मिनिटांत कागदावर मिळते. नाही मिळाले तरी काय दिसायला हवे याचा अंदाज येतो. तो अंदाज नसला की पडद्यावर जे दिसेल ते खरे वाटते.

पहिले गणित कण पेशीपर्यंत पोचतो का याचे. पेशी ताटलीच्या तळाशी असतात आणि कण वरच्या द्रवात सोडतात. ९६ खळग्यांच्या ताटलीत १०० मायक्रोलिटर द्रव घातला की खोली होते साधारण ३ मिलिमीटर. खाली यायचे दोन मार्ग, वजनाने बुडणे आणि उष्णतेच्या धक्क्यांनी भटकणे. बुडण्याचा वेग स्टोक्सच्या सूत्राने, भटकणे स्टोक्स-आइन्स्टाइनच्या सूत्राने. दोन्ही बीएस्सीलाच शिकवलेली.

तापमान ३७ अंश, पाण्याची श्यानता ०.६९ मिलिपास्कल-सेकंद धरा. ५० नॅनोमीटर व्यासाचा चांदीचा कण सेकंदाला साधारण १९ नॅनोमीटर बुडतो, म्हणजे २४ तासांत १.६ मिलिमीटर. त्याच वेळात भटकत तो दीडेक मिलिमीटर जातो. दोन्ही तुल्यबळ. आता त्याच आकाराचा सिलिकाचा कण घ्या, घनता पाण्याच्या दुप्पट धरून. तो दिवसभरात जेमतेम ०.१७ मिलिमीटर बुडतो. बाकी सगळे भटकण्याच्या भरवशावर. शंभर नॅनोमीटरची चांदी मात्र दिवसाला साडेसहा मिलिमीटरच्या वेगाने जाते, म्हणजे दिवस संपायच्या आत सगळी तळाला. त्यामुळे दोन प्रकारचे कण ‘समान मात्रेत’ दिले असे लिहिले तरी पेशींच्या अंगावर पडलेली मात्रा समान नसते. पुष्कळ शोधनिबंधांत आकाराचा परिणाम म्हणून जे दाखवतात, त्यात बुडण्याचा वाटा किती हे आधी पाहावे. आणखी एक, कण गुठळ्या करत असतील तर हिशेबात गुठळीचा आकार घ्या. गुठळीत पाणीही अडकलेले असते, म्हणून तिची घनता शुद्ध चांदीपेक्षा कमी धरा.

दुसरे गणित गुंडाळण्याचे, आणि या लेखाचा कणा तेच आहे. पुरणाच्या गोळ्याभोवती पारी ओढून घ्यावी तसे पटल कणाभोवती येते. पण पटलाला वाकायला ऊर्जा लागते आणि ती ऊर्जा चिकटण्यातून मिळायला हवी. हिशेबासाठी ऊर्जेचे एकक केटी घेऊ. त्या तापमानाला रेणूंच्या धडपडीत जेवढी ऊर्जा सहज उपलब्ध असते, त्या मापाचे हे एकक.

पटलाचा वाकण्यातला कडकपणा साधारण २० केटी. पूर्ण गोल गुंडाळायला लागणारी ऊर्जा म्हणजे त्याला ८ आणि पायने गुणायचे. येतात जवळपास ५०० केटी. हे उत्तर कणाच्या आकारावर अवलंबून नाही. लहान कण असो की मोठा, वाकवण्याचा खर्च तेवढाच. चिकटण्याची कमाई मात्र पृष्ठफळावर, म्हणजे त्रिज्येच्या वर्गावर. म्हणून लहान कणांचे दिवाळे निघते. २५ नॅनोमीटर त्रिज्येच्या कणाला दर चौरस नॅनोमीटरमागे ०.०६ केटी चिकटपणा पुरतो. १० नॅनोमीटरला ०.४ लागतो आणि ५ नॅनोमीटरला १.६. वहीत हा तक्ता करून ठेवा, सिम्युलेशनचा निकाल याच तक्त्याशी ताडायचा आहे.

पटलावर ताण असेल तर तोही मिळवायचा. मीटरला ०.०१ मिलिन्यूटन एवढा ताण म्हणजे चौरस नॅनोमीटरला ०.००२ केटीच्या आसपास. २५ नॅनोमीटरच्या कणाला तो जाणवतही नाही, १०० नॅनोमीटर त्रिज्येच्या कणाला चांगलाच जाणवतो, कारण तिथे वाकण्याचा वाटा स्वतःच ०.००४ वर आलेला असतो.

आता नॅनो युरियाचा राहिलेला हिशेब. वनस्पतीच्या पेशीत आतून पाण्याचा दाब असतो, सुमारे अर्धा मेगापास्कल धरू. २५ नॅनोमीटर त्रिज्येचा कण गुंडाळून आत घ्यायचा तर त्याच्या आकारमानाएवढी जागा या दाबाविरुद्ध आत ढकलावी लागते. गुणाकार करून पाहा, साडेसात हजार केटी भरतात. वाकवण्याचे ५०० त्याच्यापुढे किस झाड की पत्ती. म्हणजे भित्तिका बाजूला ठेवली तरी नुसत्या चिकटपणावर हा कण त्या पटलात गुंडाळला जाणे अवघडच. प्राण्यांच्या पेशीचे मॉडेल चालवून त्याखाली कपाशीच्या पानाचे नाव घालू नये, ते यासाठी.

तिसरी पायरी: किती बारकाईने पाहायचे

मॉडेल तीन पातळ्यांवर करता येते. प्रत्येक अणू धरून, हायड्रोजन सोडून साधारण चार-चार अणूंचा एक मणी धरून, किंवा अख्खा लिपिड रेणू (पटल ज्यांचे बनते तो स्निग्ध रेणू, पाण्याकडे डोके आणि आत शेपट्या असलेला) तीन मण्यांत बसवून.

पहिली पातळी आपल्यासाठी नाही, लॅपटॉप तिथे मान टाकतो. दुसरीत मार्टिनी नावाचे बलक्षेत्र, म्हणजे मण्यांमधल्या बलांचा नियमसंच, प्रसिद्ध आहे. ते नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेन विद्यापीठात घडले, तिसरी आवृत्ती २०२१ ची. ते ग्रोमॅक्स या सॉफ्टवेअरमध्ये चालते आणि त्यात पाण्याचे चार रेणू मिळून एक मणी. सगळे मार्टिनीच घेतात, पण जरा हिशेब करा. २० बाय २० नॅनोमीटरच्या पटलात बाराशेवर लिपिड, म्हणजे पंधरा हजारांच्या घरात मणी, आणि वरखाली भरलेल्या पाण्याचे सत्तर हजार. संगणकाचा बहुतेक वेळ पाणी ढवळण्यात जातो. एवढ्या पटलावर कण बसवायचा तो फार तर ५ नॅनोमीटर व्यासाचा, नाहीतर शेजारच्या खोक्यातल्या स्वतःच्याच प्रतिबिंबाशी त्याची गाठ पडते, कारण सिम्युलेशनचे खोके चहूबाजूंनी तसेच्या तसे पुन्हा मांडलेले धरतात. आणि आपला तक्ता सांगतो की एवढा लहान कण गुंडाळला जाण्याची शक्यता कमी. तो चिकटून बसेल किंवा पटलात रुतेल. मार्टिनीवर महिना घालवून ‘सर, कण आतमंदी काहून जात नाही’ असे विचारणाऱ्याचे उत्तर या दोन वाक्यांत आहे.

म्हणून तिसरी पातळी. कुक, क्रेमर आणि डेसर्नो यांनी २००५ मध्ये मांडलेल्या मॉडेलात लिपिड म्हणजे एक डोके आणि शेपटीचे दोन मणी. पाणीच नाही. पाण्यामुळे शेपट्या एकमेकींकडे ओढल्या जातात, तेवढा परिणाम शेपट्यांमधल्या रुंद आकर्षणाने साधलेला. रसायनशास्त्र यात फारसे उरत नाही, पण वाकणे, चिकटणे, गुंडाळणे हे सगळे उरते आणि आपला प्रश्न तोच आहे.

चौथी पायरी: यंत्राची तयारी

उबंटू टाका, विंडोजच्या आतून चालणारे लिनक्सही चालेल. डाउनलोड मोठे आहे. गावात मोबाइलच्या हॉटस्पॉटवर जीव नकोसा होईल, ते कॉलेजातूनच पेन ड्राइव्हवर घेऊन या. मग लॅम्प्स बसवा. हे अमेरिकेतल्या सँडिया प्रयोगशाळेचे मोफत सॉफ्टवेअर आहे. त्यात कोसाइन-स्क्वेअर्ड नावाचे आकर्षण तयार मिळते, जे या मॉडेलासाठी हवे तेच आहे. ते जादा पॅकेजमध्ये येते, म्हणून बसवल्यावर मदत-यादीत त्याचे नाव आहे ना ते तपासा. चित्रे पाहायला ओव्हिटोची मोफत आवृत्ती.

डेस्कटॉप आणि लॅपटॉप दोन्ही असतील तर खेड्यात लॅपटॉपवरच चालवा, डेस्कटॉप थोडा वेगवान असला तरी. लाईन गेली की डेस्कटॉप जागीच बसतो, लॅपटॉपची बॅटरी मधला अर्धा-पाऊण तास काढून देते. तरीही इनपुट फाइलमध्ये रिस्टार्टची आज्ञा घालाच आणि तिला दोन फाइलींची नावे द्या. मग लॅम्प्स आळीपाळीने एकदा पहिलीत, एकदा दुसरीत लिहिते. नेमके लिहिता लिहिता वीज गेली तर एक फाइल बिघडते, दुसरी शाबूत राहते. दर पन्नास हजार पावलांना (पाऊल म्हणजे सिम्युलेशनमधला काळाचा एक छोटा टप्पा) एकदा लिहिले तरी पुरे.

मे महिन्यात अकोला, चंद्रपूर, ब्रह्मपुरीला पारा पंचेचाळीशी गाठतो. लॅपटॉप तापला की प्रोसेसर आपोआप वेग उतरवतो आणि काम दुप्पट वेळ खाते. रात्री चालवा, चारपैकी तीन कोअर द्या, खाली दोन पट्ट्या ठेवून हवा खेळती ठेवा. कूलरच्या थेट झोतात मात्र ठेवू नका. त्या हवेत पाणी असते, कधी थेंबही उडतात.

पाचवी पायरी: पटल उभे करणे

या मॉडेलात लांबीचे एकक म्हणजे एका मण्याची रुंदी. पटलाची जाडी सुमारे पाच मणी येते, म्हणून एक मणी म्हणजे ढोबळमानाने एक नॅनोमीटर. ऊर्जेच्या एककाला इथे एप्सिलॉन म्हणतात आणि तापमान १.१ एप्सिलॉन ठेवायचे, म्हणजे एक केटी १.१ एप्सिलॉनचा.

६० बाय ६० चे पटल घ्या. दर लिपिडला १.२ चौरस एकक जागा धरली तर एका थरात ५५ ओळी आणि ५५ रांगा बसतात. दोन थर मिळून सहा हजार पन्नास लिपिड, अठरा हजारांवर थोडे मणी. वरच्या थराची डोकी वर, खालच्याची खाली, शेपट्या मध्ये. निर्देशांक लिहायला पायथॉनचा वीस-पंचवीस ओळींचा प्रोग्राम लागतो, तो स्वतः लिहा. दुसऱ्याची फाइल उचलली की डोके कोणते आणि शेपटी कोणती यातच गोंधळ होतो.

आकडे असे. डोके-डोके आणि डोके-शेपटी यांची रुंदी ०.९५, शेपटी-शेपटी १. शेपट्यांमधल्या आकर्षणाची रुंदी १.६. शेजारच्या मण्यांना जोडणारा फेने बंध, त्याचा स्थिरांक ३० आणि कमाल लांबी १.५. पहिल्या आणि तिसऱ्या मण्यात सरळ ठेवणारी स्प्रिंग, स्थिरांक १०, विश्रामलांबी ४. इथे एक खड्डा आहे. मूळ मांडणीत स्प्रिंगच्या ऊर्जेत अर्धा हा गुणक बाहेर लिहिलेला आहे, लॅम्प्सच्या हार्मोनिक बंधात तो स्थिरांकातच धरलेला असतो. म्हणून लॅम्प्समध्ये १० नव्हे, ५ लिहायचे. फेनेला हा प्रश्न नाही, तिथे ३० म्हणजे ३०च.

आधी ऊर्जा किमान करून घ्या. मग थोडा वेळ दर पावलाच्या हालचालीला मर्यादा घालून चालवा, म्हणजे एकमेकांवर चढलेले मणी उसळणार नाहीत. त्यानंतर तापमान स्थिर ठेवणारा लँजेव्हिन थर्मोस्टॅट, पाऊल ०.०१ एककाचे. त्यापुढचे सगळ्यात महत्त्वाचे, खोक्याच्या लांबी-रुंदीला शून्य दाबाचा बॅरोस्टॅट, म्हणजे दाब सांभाळत खोके लहान-मोठे होऊ देणारी सोय, दोन्ही दिशा एकत्र जोडून. उंची तशीच ठेवा.

हे महत्त्वाचे का? आपण ६ एकक त्रिज्येचा कण घेणार आहोत. पटलाच्या मध्यापर्यंत ती त्रिज्या साडेआठ होते आणि तेवढ्या गोलाचे पृष्ठफळ ९०८. अख्खे पटल ३६०० चे, म्हणजे गुंडाळण्यासाठी पटलाचा चौथा हिस्सा कणाभोवती जाणार. खोके बंदिस्त असेल तर उरलेल्या पटलाला तेवढे ताणावे लागेल आणि लिपिडचे पटल चार-पाच टक्क्यांपुढे फाटते. बंदिस्त खोक्यात कण अर्धवट गुंडाळून अडकतो आणि विद्यार्थी लिहितो, ‘कण अंशतः गुंडाळला जातो.’ तो खोक्याचा गुण, कणाचा नाही.

कण सोडण्याआधी पटल नुसते दोन लाख पावले चालवून पाहा. खोक्याची बाजू एका आकड्याभोवती स्थिरावली का? लिपिड आडवे फिरत शेजाऱ्यांची अदलाबदल करतात का? करत नसतील तर पटल गोठले आहे, तापमान तपासा. भोके पडून लिपिड सुटे होत असतील तर तापमान जास्त आहे किंवा आकर्षणाची रुंदी चुकली आहे. पटल हलके लाटा मारत राहिले पाहिजे. त्या लाटांच्या उंचीवरून वाकण्याचा कडकपणाही काढता येतो. या आकड्यांना तो १० ते २० केटीच्या दरम्यान येतो, खऱ्या पटलाच्या टापूतच.

सहावी पायरी: कण सोडणे आणि चिकटपणा वाढवत नेणे

कणासाठी शेकडो मण्यांचा गोळा बांधायची गरज नाही. एकच मोठा मणी ठेवा आणि लॅम्प्समधले एलजे-एक्स्पांड वापरा, त्यात बलाची सुरुवात केंद्रापासून हवी तेवढी बाहेर सरकवता येते. ६ त्रिज्येसाठी ५.५ सरकवा. डोक्यांशी आकर्षण, शेपट्यांशी फक्त प्रतिकर्षण, म्हणजे अंतराची मर्यादा बलाच्या तळापाशीच, १.१२ वर तोडायची. एक मोठा आणि अठरा हजार लहान मणी एकत्र आले की शेजाऱ्यांची यादी करण्यात वेळ जातो. यादी मल्टी शैलीत करायला सांगा, फरक लगेच दिसतो.

कण वरच्या डोक्यांपासून एक-दोन एकक अंतरावर ठेवा. पाणी नसल्याने दूर ठेवला तर तो भटकत निघून जाईल.

चिकटपणा किती द्यायचा? पुन्हा कागद. कडकपणा १२ केटी धरला तर गुंडाळण्याचा खर्च ३०० केटी. कणाला टेकणारी डोकी साधारण साडेचारशे. दर डोक्यामागे ०.७ केटीच्या आसपास हवेत. प्रत्यक्षात डोकी सारखी हलतात, चिकटण्याची पूर्ण कमाई पदरात पडत नाही, म्हणून उंबरठा याच्या वर असणार. तर ०.५ पासून ३ एप्सिलॉनपर्यंत, अर्ध्या-अर्ध्याने वाढवत सहा किमती घ्या. प्रत्येक किमतीला तीन वेळा, दर वेळी यादृच्छिक संख्येचे बीज बदलून. एकाच बीजावरचा निकाल हा निकाल नसतो. उंबरठा दोन किमतींच्या मध्ये सापडला की तेवढ्या फटीत ०.१ ने पुन्हा चालवा.

दर वेळी वीस लाख पावले ठेवा. आधी दहा हजार पावलांची चाचणी घ्या, शेवटी लॅम्प्स सेकंदाला किती पावले झाली ते छापते, त्यावरून रात्रीत काय बसेल ते कळते. चित्रफाइल दर दहा हजार पावलांनाच लिहा, नाहीतर हार्ड डिस्क भरते.

मोजायचे काय

चित्र पाहून ‘छान गुंडाळला’ म्हणणे पुरेसे नाही. कणाच्या केंद्रापासून ८ एककांच्या आत वरच्या थराची किती डोकी आहेत ते चित्रफाइलीच्या दर चौकटीला (फ्रेमला) मोजा, साडेचारशेने भागा. शून्याजवळ म्हणजे कण वरच्या वर. स्थिर अर्धे म्हणजे अर्धवट. एकाजवळ जाऊन थांबले म्हणजे पूर्ण. सोबत खोक्याची बाजूही काढा. पूर्ण गुंडाळल्यावर ती साठावरून बावन्नच्या आसपास उतरायला हवी. हे दोन आकडे एकमेकांशी जुळले नाहीत तर कुठेतरी घोळ आहे. फार मोठ्या चिकटपणाला पटल फाटून कणाला लिपिडचा लेप बसतो, तेव्हाही भागाकार एकाजवळच येतो. म्हणून शेवटची चौकट ओव्हिटोमध्ये कापून आतून पाहायचीच.

उंबरठ्याजवळ आणखी एक करून पाहा. गुंडाळलेल्या अवस्थेतून सुरुवात करून चिकटपणा कमी करत या. कण सुटतो तो त्याच किमतीला का, त्याच्या खूप खाली? खाली असेल तर मध्ये ऊर्जेचा अडथळा आहे आणि तुमचा उंबरठा म्हणजे एक रुंद पट्टा आहे. अहवालात तसे लिहा.

मग ४, ६ आणि ८ त्रिज्या घेऊन हेच करा. आठसाठी पटल वाढवावे लागेल. आलेखावर आडव्या अक्षावर पटलाच्या मध्यापर्यंतची त्रिज्या, उभ्यावर उंबरठ्याचा चिकटपणा. वर्गाच्या व्यस्त प्रमाणात उतरणारी रेघ आली तर मॉडेल आणि कागद एकाच भाषेत बोलत आहेत. कणाची उघडी त्रिज्या घेतली तर लहान कणांपाशी रेघ वाकडी होते, पटलाची जाडी तिथे कणाएवढीच असते.

निकालातून काय म्हणता येते

या मॉडेलात कण पूर्ण गुंडाळला तरी मान शिल्लक राहते, पिशवी तुटून आत पडत नाही. खऱ्या पेशीत क्लॅथ्रिन या प्रथिनाच्या वाटेने कण जातो तेव्हा ती मान कापायला डायनामिन नावाचे प्रथिन लागते आणि त्यासाठी पेशी ऊर्जा खर्च करते. म्हणून ‘आत गेला’ असे लिहू नका, ‘गुंडाळला गेला’ लिहा.

मॉडेल म्हणते, मोठा कण सोपा. प्रयोग तसे म्हणत नाहीत. टोरांटोच्या चित्रानी, गझानी आणि चॅन यांनी २००६ मध्ये हेला पेशींना १४ ते १०० नॅनोमीटरचे सोन्याचे कण दिले, तर सर्वाधिक घेतले गेले ५० नॅनोमीटरचे. त्याच्या आदल्याच वर्षी गाओ, शी आणि फ्रॉइंड यांनी गणिताने २७ ते ३० नॅनोमीटर त्रिज्या सर्वांत जलद निघते असे दाखवले होते. त्यांच्या मांडणीत कणाला धरणारे ग्राही पटलावर विखुरलेले असतात आणि चालत यावे लागतात. कण मोठा असला की फार दुरून बोलवावे लागतात, वेळ लागतो. आपल्या मॉडेलात प्रत्येक डोके चिकट, त्यामुळे हा उशीर दिसतच नाही. दाखवायचा असेल तर वरच्या थरातली दहा टक्के डोकीच चिकट ठेवा आणि प्रत्येकाचा चिकटपणा त्या मानाने वाढवा. एमएस्सीच्या प्रकल्पाला एवढी भर खूप झाली, आणि माझ्या मते सगळ्यांत शिकवणारा भाग हाच.

दुसरी गोष्ट, रक्तात किंवा सीरममध्ये उघडा कण राहतच नाही. काही क्षणांत अल्ब्युमिन, फायब्रिनोजेन अशी प्रथिने त्यावर चढतात आणि पेशीला दिसते ते हे कवच. तुमच्या संत्र्याच्या सालीच्या कणावर तर आधीच सालीतली द्रव्ये बसलेली असतात. म्हणून मॉडेलातला चिकटपणा ‘चांदीचा’ म्हणू नका. तो कवचासकट कणाचा, आणि त्याची खरी किंमत प्रयोगाशिवाय कळत नाही. मॉडेल एवढेच सांगते की किती असेल तर काय होईल. चांदीचे आणखी एक, ती हळूहळू विरघळते आणि सुटलेले आयन पेशीला मारतात. त्याचा इथे मागमूस नाही. विषारीपणाबद्दल या मॉडेलातून एक अक्षरही लिहू नये.

पुढे जायचे असेल तर

लॅपटॉपवर उंबरठा सापडल्यावर त्याच टापूतले एक-दोन प्रसंग मार्टिनीत करता येतात, रसायनशास्त्र हवे असेल तर. म्हणजे कणावर धनभार असेल तर काय, लिपिडात कोलेस्टेरॉल वाढले तर काय. त्यासाठी ग्राफिक्स कार्ड लागते. गुगल कोलॅबवर ते फुकट मिळते, पण सत्र मध्येच तुटते. ग्रोमॅक्स दर पंधरा मिनिटांनी चेकपॉइंट लिहिते, ती फाइल ड्राइव्हवर जाईल अशी सोय आधी करा आणि पुढच्या वेळी तिथूनच सुरू करा. त्याहून मोठे काम असेल तर राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मिशनखाली बसवलेली यंत्रे आहेत, पुण्याच्या आयसरमधले परम ब्रह्म त्यातलेच. अर्जाची वाट मार्गदर्शकामार्फत. अर्जात लॅपटॉपवरचा आलेख आणि सेकंदाला होणाऱ्या पावलांचा आकडा जोडा. मागितलेला वेळ कशावरून काढला, हे त्यातून दिसते.

अहवालाच्या परिशिष्टात सगळ्या इनपुट फाइली, बीजांचे आकडे, लॅम्प्सची आवृत्ती आणि फसलेल्या धावाही द्या. पुढच्या वर्षी तुमच्याच कॉलेजातला कुणी हा विषय घेईल, तेव्हा त्याला पटल पुन्हा पहिल्यापासून बांधावे लागणार नाही.